जामीनदार कोण?

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. वय तेवीस, इंजिनिअरिंग नुकतंच संपलंय, कॅम्पसमधून मिळालेली नोकरी त्यानं नाकारली आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, बँकेतून कर्ज काढतोय. तू जामीनदार राहशील का?" कशासाठी, तर कोल्हापूर, पन्हाळा, जोतिबा या पट्ट्यातले छोटे लॉज एका नावाखाली आणायचे, मालकांना दरमहा ठरावीक रकमेची हमी द्यायची आणि खोल्या ॲपवरून विकायच्या. मी जरा थांबले, तसं त्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "रितेश अग्रवालनं एकोणिसाव्या वर्षी केलं हे. त्याच्या मागं कोण होतं?"

प्रश्न उत्तम आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडे तो उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला जातो. कॉलेजच्या ई-सेलमध्ये, काकांच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये, 'मराठी माणूस धंद्यात मागे का' या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात. मी या वेळी उत्तर शोधायचं ठरवलं.

आधी गोष्ट. ती बहुतेकांना पाठ असेल. ओडिशाच्या रायगडा जिल्ह्यातल्या बिस्सम कटकमध्ये १९९३ साली जन्म. घरचं छोटं दुकान. शाळकरी वयात सिमकार्डं विकल्याचा किस्सा. मग कोट्याला क्लास, दिल्लीत कॉलेजला प्रवेश आणि लवकरच कॉलेजला रामराम. २०१२ मध्ये ओरॅव्हल नावाची कंपनी. स्वस्त लॉजांत स्वतः राहून बघितलं तेव्हा कळलं, की खोल्या नाहीत ही अडचण नाही, खोलीचा भरवसा नाही ही अडचण आहे. २०१३ मध्ये गुडगावच्या एका हॉटेलपासून ओयो सुरू. २०१९ पर्यंत कंपनीचं मूल्यांकन दहा अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी हुरुनच्या यादीत जगातल्या सर्वांत तरुण स्वयंनिर्मित अब्जाधीशांमध्ये नाव, आणि २०२४ मध्ये 'शार्क टँक इंडिया'च्या खुर्चीत बसून इतर तरुणांच्या धंद्यांना भाव लावणं.

यातलं बरंचसं खरं आहे, आणि त्या मुलाची नजर अस्सल होती हेही खरं. चादर धुतलेली असेल का, कडी लागेल का, फोटोत दिसतो तो पंखा खोलीत असेल का, याची खात्री नसलेल्या देशात पांढरी चादर, वायफाय आणि ठरलेला दर एवढं एका पाटीखाली देणं ही साधी सुधारणा नव्हती.

माझ्या पिढीवर तर ओयोचे खासगी उपकारही आहेत. २०१८ मध्ये मी आणि माझा मित्र, जो आता माझा नवरा आहे, एका शहरात रात्री नऊला बॅगा घेऊन फिरत होतो. तीन लॉजवाल्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून 'मॅरेज सर्टिफिकेट' मागितलं. चौथी खोली ओयोवरून मिळाली, आमची दोघांची ओळखपत्रं बघून, एकही प्रश्न न विचारता. प्रौढ माणसांना प्रौढांसारखं वागवणं हाही सेवाउद्योगाचा भाग असतो, हे आपल्याकडे फार जणांना सुचलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीनं मेरठमध्ये अविवाहित जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागायची मुभा हॉटेलांना दिली, तेव्हा म्हणून तर वाईट वाटलं.

तेव्हा माझा राग त्या माणसावर नाही. माझं भांडण त्याच्या कारकिर्दीची जी गोष्ट आपण पोरांना सांगतो तिच्याशी आहे. त्या गोष्टीत 'धाडस' आणि 'जोखीम' हे शब्द सतत येतात. पण जोखीम म्हणजे काय? फसलं तर कोणाचं काय जाणार, याचं उत्तर. ते उत्तर गोष्टीत कुठेच नसतं.

ते मला माझ्या मामाच्या घरात मिळतं.

मामाचा लॉज कोल्हापुरात आहे, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, चौदा खोल्यांचा. त्यानं तो १९९४ मध्ये सुरू केला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचा. राहतं घर सहकारी बँकेकडे तारण ठेवलं. बँकेनं दोन जामीनदार मागितले. एक गल्लीतले किराणा दुकानदार, दुसरे माझे बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. पुढे एका वर्षी सीझन मंदा गेला, दोन हप्ते थकले आणि बँकेचं पत्र थेट बाबांच्या शाळेत आलं. हेडमास्तरांनी ते सगळ्यांसमोर हातात दिलं. आईनं महिनाभर स्वतःच्या भावाशी बोलणं टाकलं होतं. मामानं मामीच्या पाटल्या मोडल्या आणि हप्ते भरले.

जोखीम म्हणतात ती ही. तिला नाव असतं, पत्ता असतो, आणि ती बाबांच्या स्टाफरूमपर्यंत चालत येते.

मामाचं रोजचं काम मी लहानपणापासून बघत आलेय. पहाटे पाच ते नऊ गरम पाणी, कारण दर्शनाला जाणारा माणूस थंड पाण्याची आंघोळ केली तर दिवसभर तुमच्या नावानं बोटं मोडतो. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत म्हणून दोन जादा जोड. प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि रजिस्टर, पोलीस कधीही येऊन बघतात म्हणून. नवरात्र, दिवाळी आणि मे महिन्यात मिळेल त्यात उरलेलं वर्ष ढकलायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, सगळे रस्ते बंद झाले, खोल्या रिकाम्या. २०२० मध्ये टाळेबंदी. २०२१ मध्ये पुन्हा पूर. जुलै २०२२ मध्ये हजार रुपयांखालच्या खोल्यांवरही बारा टक्के जीएसटी लागला. एवढं होऊन मामा उभा आहे, दोन रूमबॉय आणि एक स्वच्छतेची बाई यांचे पगार त्यानं दोन्ही पुरांत दिले. पण मामाला कोणी 'उद्योजक' म्हणत नाही. त्याच्यावर कोणी व्याख्यान देत नाही. तो 'लॉजवाला' आहे, आणि हा शब्द उच्चारताना लोकांच्या ओठांची एक बाजू जरा वाकडी होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. २०१८ च्या त्या रात्री आम्ही मामाच्या लॉजवर अनोळखी म्हणून गेलो असतो, तर त्यानंही आम्हाला खोली दिली नसती. मामा संत नाही. मी त्याला देव्हाऱ्यात बसवत नाहीये, फक्त त्याचं खातं दुसऱ्या खात्याशेजारी ठेवून बघतेय.

दुसरं खातं असं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडणाऱ्या त्या मुलाला २०१३ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार पीटर थील यांची शिष्यवृत्ती मिळाली: एक लाख डॉलर, त्या वेळच्या दरानं पन्नास-साठ लाख रुपये, आणि परत करायची अट नाही. ती मिळवणं ही त्याची कर्तबगारी. पण 'कॉलेज सोड, धंदा कर' हे वाक्य त्या पन्नास-साठ लाखांसकट वेगळं ऐकू येतं आणि त्यांच्याशिवाय वेगळं. २०१५ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकारानं दहा कोटी डॉलर आले. २०१८ मध्ये एक अब्ज डॉलर उभारल्याची घोषणा झाली.

आणि मग २०१९. रितेश अग्रवाल यांनी दोन अब्ज डॉलर घालून स्वतःच्याच कंपनीतला हिस्सा वाढवायचं जाहीर केलं, एका केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीमार्फत. पंचवीस वर्षांच्या माणसाकडे दोन अब्ज डॉलर कुठून आले? कर्जातून. जपानी बँकांनी ते दिलं आणि त्याला सॉफ्टबँकेचे प्रमुख मासायोशी सन यांनी वैयक्तिक हमी दिली, असं वृत्तसंस्थांनी तेव्हा छापलं होतं.

मामेभावाला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. त्याच्या मागं कोण होतं? जपानमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक जामीनदार म्हणून होता. माझ्या बाबांच्या जागी मासायोशी सन बसवून बघा. हप्ता थकला असता तर पत्र कोणत्या शाळेत गेलं असतं?

आता खालच्या बाजूला बघू. ओयोच्या वाढीच्या काळातलं मुख्य हत्यार होतं किमान हमी. हॉटेलमालकाला कंपनी सांगायची, की खोल्या भरोत न भरोत, दरमहा एवढी रक्कम तुमची. बदल्यात पाटी आमची, बुकिंग आमचं आणि दर ठरवायचा अधिकार आमचा. समजा, वीस खोल्यांच्या लॉजला महिना तीन लाखांची हमी मिळाली. मालकाला वाटतं, चला, मंदीची काळजी मिटली. तो त्या भरवशावर रंगकाम काढतो, एसी बसवतो, टीव्ही बदलतो, बहुधा कर्ज काढूनच. तिकडे हजाराची खोली ॲपवर सहाशेला जाते, कारण कंपनीला या महिन्यात नफा नको आहे, संख्या हवी आहे. वरचा फरक गुंतवणूकदारांच्या पैशातून भागतो. शेजारच्या लॉजवाल्यानं काहीच केलेलं नसतं, कुठे सहीही केलेली नसते. त्याचं गिऱ्हाईक मात्र सहाशेच्या खोलीत गेलेलं असतं.

कधीतरी वरचा पैसा आटतो आणि मग हमीच्या रकमेतून कपाती सुरू होतात. २०१८-१९ पासून देशभरातले हॉटेलमालक आणि त्यांच्या संघटना हीच तक्रार करत होत्या: न सांगता लावलेले आकार, दंड, थकलेली रक्कम. जानेवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्यावर सविस्तर वृत्तान्त छापला. कंपनीचं म्हणणं होतं, की सेवेत त्रुटी राहिली की दंड होतो, वाद आहेत ते त्यावरून. त्यानंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि अपरिहार्य आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून कंपनीनं किमान हमी देणं थांबवलं. करारात कलम असेल तर कायद्यानं ते बरोबरही असेल. पण शब्द बघा. आपत्तीत जी उभी राहते तिला हमी म्हणतात. पाऊस नसताना वापरायची छत्री मामाकडेही होती.

आयपीओसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये दाखल केलेल्या मसुद्यात कंपनीनं स्वतःच आकडे दिले. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात तोटा तेरा हजार कोटी रुपयांहून जास्त. आपल्याकडची टाळेबंदी त्या वर्षाच्या जेमतेम शेवटच्या आठवड्यात येते. तेरा हजार कोटी! मामाला तेरा लाखांचा तोटा झाला तर बँक दारावर नोटीस चिकटवेल. इकडे मात्र तोट्यालाच वाढ म्हणतात आणि तो करणाऱ्याला दूरदृष्टीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिपशी केलेल्या व्यवस्थेत प्रतिस्पर्धी हॉटेलसाखळ्यांना त्या संकेतस्थळावरून बाहेर ठेवल्याबद्दल ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला. 'स्पर्धेत उतरून जिंकला' असं व्याख्यानात सांगणाऱ्यांनी एवढं एक वाक्य जोडायला हरकत नसावी.

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोलले. आता माझ्याबद्दल.

माझी पहिली नोकरी पुण्यात, घरपोच सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत. हॉटेलांशी तिचा संबंध नव्हता, पण साचा तोच. गीझर दुरुस्त करणारे, सोफा धुणारे, वायरमन हे सगळे आमचे 'पार्टनर'. त्यांच्या खात्यात आठवड्याचे पैसे जमा करणारा कोड आमच्या टीमकडे होता, आणि त्यातला दंडाचा भाग माझ्याकडे. गिऱ्हाइकानं कमी तारे दिले, उशीर झाला, काम रद्द झालं, की रक्कम आपोआप वजा. पार्टनरला हरकत घ्यायला अठ्ठेचाळीस तास मिळत. हरकतीचा अर्ज फक्त इंग्रजीत होता.

एक दिवस टिकेट आलं: अठ्ठेचाळीसचे चोवीस करा. मी एका फाइलमध्ये एक आकडा बदलला. चाचण्या हिरव्या झाल्या, दुपारी कोड वर गेला. पुढच्या महिन्यात हरकतींची संख्या निम्म्याच्या आसपास आली आणि आढावा बैठकीत त्या आलेखाला शीर्षक होतं 'पार्टनरांच्या समाधानात सुधारणा'. माझं नाव घेऊन कौतुक झालं. मीही हसले. सोफा धुऊन रात्री दहाला घरी जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इंग्रजी अर्ज भरू शकत नाही, एवढा साधा अर्थ त्या आलेखाचा होता. तो मला कळत नव्हता असं मी म्हणणार नाही. कळत होता, फक्त त्याला माझ्या टिकेटमध्ये रकाना नव्हता.

नोकरी मी वर्षभरानं सोडली, आणि तीही याच कारणासाठी नाही. दुसरीकडे पगार चांगला मिळाला म्हणून. तेव्हा मला नैतिक उंचीवरून बोलायचा अधिकार नाही. पण आतून पाहिल्यामुळे एवढं ठामपणे सांगू शकते, की ॲपवाल्या सेवाउद्योगात 'तंत्रज्ञान' म्हणून जे मिरवलं जातं त्यातला मोठा भाग खोली शोधण्याचा किंवा माणूस पाठवण्याचा नसतो. तोटा कोणाच्या खात्यात टाकायचा हे ठरवण्याचा असतो. आणि तो आकडा बदलणाऱ्याला पार्टनरचं तोंड कधी दिसत नाही. मामाला निदान आमच्या बाबांच्या तोंडाकडे बघावं लागलं होतं.

यावर जे म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे. पहिलं, मराठी माणसाची खेकड्याची वृत्ती, कोणी वर चढला की पाय ओढायचे. ही खेकड्यांची टोपली आता रिटायर करावी. कोणी चढतोय ते कोणाच्या खांद्यावरून, हे विचारणं म्हणजे पाय ओढणं नव्हे. आणि ज्यांच्या खांद्यांबद्दल मी बोलतेय तेही धंदाच करत होते. मराठी माणूस धंदा करत नाही म्हणून रडायचं आणि जो तीस वर्षं लॉज चालवतो त्याला मोजायचंच नाही, हा कुठला हिशेब?

दुसरं, मालकांनी सह्या स्वखुशीनं केल्या होत्या. केल्या होत्या. पण शेजारच्याची खोली सहाशेला जात असताना सही न करणं म्हणजे रिकाम्या खोल्या मोजत बसणं. ज्या बाजाराचा भाव बाहेरच्या पैशानं पाडलेला आहे, तिथल्या स्वखुशीला मी फार किंमत देणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: शेवटी तो टिकला. २०२३-२४ मध्ये कंपनीनं २२९ कोटींचा नफा दाखवला, अमेरिकेतली मोटेल सिक्स ५२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. इतकं पडून पुन्हा उभं राहणं सोपं नाही, आणि त्याचं श्रेय त्या माणसाला द्यायलाच हवं. पण मार्च २०२० मध्ये त्यानं स्वतःच जगभरातून सुमारे पाच हजार कर्मचारी कमी होत असल्याचं सांगितलं होतं. ते लोक, हमीच्या भरवशावर एसी बसवलेले मालक, भाव पडल्यानं बंद झालेले शेजारचे लॉज, यांना पुन्हा उभं राहायला कोणी दुसरी फेरी दिली? ज्याला चुकायची परवानगी पाच वेळा मिळते, तो सहाव्या वेळी शहाणा होतो. मामाला एकदाच मिळाली होती, तीही मामीच्या पाटल्यांवर.

म्हणून मला वाटतं, तरुण उद्योजकाची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला आपण एकच प्रश्न विचारायची सवय लावावी. किती निधी उभारला, मूल्यांकन किती, हे नंतर. आधी सांगा, जामीनदार कोण होते? वरचे कोण, ज्यांनी कागदावर सही केली? आणि खालचे कोण, ज्यांना आपण जामीनदार आहोत हे कोणी सांगितलंच नाही?

मामेभावाला मी रविवारी घरी बोलावलं. मामाही आला. बँकेचे कागद टेबलावर होते. लॉज तारण ठेवायचा होता, हे मला तेव्हा कळलं. मी मामाकडे बघितलं तर तो म्हणाला, "काय करायचं गं, मलाबी कुणीतरी सही दिलीच होती की."

मग आम्ही तिघांनी त्या पोराचा करार वाचायला घेतला, जो तो गल्लीतल्या लॉजमालकांपुढे ठेवणार होता. इंटरनेटवरून उतरवलेला, इंग्रजीत, बावीस पानी. दर ठरवायचा अधिकार कंपनीकडे. कपातीचा अधिकार कंपनीकडे. हमी कधीही थांबवायचा अधिकार कंपनीकडे. पोरगा वाईट नाही. त्यानं ते वाचलंच नव्हतं. 'सगळे असाच करतात' म्हणाला. ज्यांच्याकडून तो सह्या घेणार होता त्यातल्या दोघांच्या मांडीवर तो लहानपणी खेळलेला आहे.

आम्ही तीन कलमं बदलली. कमीत कमी दर मालक ठरवणार, त्याखाली खोली विकायची नाही. कोणतीही कपात करायच्या आधी पुरावा दाखवायचा, मराठीत, आणि हरकतीला पंधरा दिवस. हमी थांबवायची तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, पूर आला तरी. मामेभाऊ म्हणाला, "ताई, अशानं कंपनी वाढायला फार वेळ लागंल." लागेल. मामाच्या चौदा खोल्यांनाही अकरा वर्षं लागली, सुरुवातीला पाचच होत्या.

कपातीचा कोड मी लिहून देणार आहे. त्यात हरकतीचे दिवस पंधरा असतील, आणि तो आकडा बदलायचा असेल तर आधी मामाला विचारावं लागेल.

सहीही मी केली. मात्र एक अट घातली आहे. उद्या त्याचं नाव झालं, मुलाखत छापून आली, तर तिच्यात 'शून्यातून' हा शब्द येता कामा नये.